थारोळं बघायला गेलो, त्याच्या नोंदी

४ जानेवारी २०२४, पुणे

सरांचा पहिला कथासंग्रह पुन्हा छापायचं ठरलंय. पुस्तक पन्नास वर्षांपूर्वीचं. गोष्टी सगळ्या माणदेशातल्या, आटपाडी, म्हसवड, दहिवडी या पट्ट्यातल्या. प्रकाशकाचं म्हणणं, शेवटी शब्दसूची दिली तरच आजचा वाचक पुस्तक पुरं वाचेल. सूचीचं काम माझ्याकडे आलं. सरांची मुद्रितं मी तीन वर्षं तपासते आहे, तेवढीच ओळख. सर ८३ वर्षांचे, मी २९.

पुस्तक तीनदा वाचून अडणारे शब्द काढले. १४६ भरले. मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश घेऊन बसले. निम्म्याहून जास्त शब्द सापडले, पण सापडलेला अर्थ गोष्टीत नेऊन बसवला की वाक्य हलत नाही. 'शिवळ म्हणजे जुवाची खुंटी' हे बरोबरच आहे, पण सरांच्या गोष्टीत शिवळ रात्री निसटते आणि त्यावरून दोन भाऊ वेगळे होतात. ती कुठे असते, का निसटते, निसटली की काय होतं, हे कळल्याशिवाय त्या पानाला अर्थ नाही.

कुणी आपल्या भागातल्या जुन्या लेखकाबरोबर असं काम करणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवते आहे. चुकलेलंही लिहीन.

९ जानेवारी, सरांच्या घरी

पहिली बैठक. दोन तास. वाया गेली.

पंख्याखाली बसलो होतो. शिवाय स्वयंपाकघरात कुकर लागला होता. नंतर ऐकलं तर पंख्याची घरघर सगळ्यावर पसरलेली आणि सात शिट्ट्या. ते पुढच्या वेळी टाळता येईल. टाळता येणार नाही असं वेगळंच निघालं: सर छापील बोलत होते. मी 'मोट' (बैलांनी विहिरीचं पाणी काढायची चामड्याची मोठी पिशवी) विचारलं की त्यांनी मोटेवर चार वाक्यं सांगितली, ती जशीच्या तशी त्यांच्या एका जुन्या भाषणात आहेत. इतकी वर्षं मुलाखती देऊन त्यांची उत्तरं गुळगुळीत झाली आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. मी त्याच खुर्चीत बसवून तेच प्रश्न विचारले.

'थारोळं' आलं तेव्हा मात्र ते थांबले. दोन्ही हात पुढे घेतले, काहीतरी दाखवायला लागले आणि तसेच खाली ठेवले. म्हणाले, "हे इथे बसून नाही सांगता येणार. ते पायाला कळतं." मग जरा वेळानं म्हणाले, "आता थारोळं फक्त रक्ताचंच राहिलंय. पेपरात वाचतेस ना? 'रक्ताच्या थारोळ्यात'. माझा शब्द पाण्याचा होता."

निघताना मी विचारलं, गावी जाऊया का? त्यांच्या सूनबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी आधी डॉक्टरांना विचारते म्हटलं. सर काहीच बोलले नाहीत, पण मला सोडायला जिन्यापर्यंत आले. तीन वर्षांत पहिल्यांदा.

१४ जानेवारी

डॉक्टरांनी परवानगी दिली. अटी अशा: दर सव्वा तासाला गाडी थांबवायची, पाच मिनिटं चालायचं, दिवसाला पावणेदोनशे किलोमीटरच्या वर नाही, जेवण वेळेवर. पुणे ते सरांचं गाव दोनशेच्या आसपास, म्हणजे वाटेत एक मुक्काम. रस्ता ठरला: दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण, मोगराळे घाट, दहिवडी, म्हसवड आणि पुढे.

सामान: सेकंडहँड रेकॉर्डर ९,५०० रुपयांना, कॉलरला लावायचा माइक १,८००, ३२ जीबीची दोन कार्डं १,२००. घडीची खुर्ची घरचीच. औषधांचा डबा सूनबाईंनी भरून दिला, वर कागद चिकटवून. कानाच्या मशीनच्या बॅटऱ्यांचं जादा पाकीट.

संमतीपत्र दोन प्रतींत केलं. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिल्या: ध्वनिमुद्रण कशासाठी, त्याच्या प्रती कुणाकडे राहतील, आणि सर 'हे नको' म्हणतील तो भाग मी पुसून टाकीन. तिसरं कलम सरांनीच घालायला लावलं. हा कागद आधी करा. माणूस आपला झाल्यावर कागद पुढे करायला जड जातं.

१८ जानेवारी, पुणे ते म्हसवड

आज बरंच चुकलं. क्रमानं लिहिते.

सातला निघायचं होतं, नऊ वाजले. दिवे घाटात गाडी रांगेत अडकली. सरांची लघवीची गोळी सकाळची असते, हे डब्यावरच्या कागदावर लिहिलेलं होतं. मी वाचलं होतं, पण त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. रांगेत पाऊण तास ते गप्प बसून राहिले. मी मुलाखतीचे प्रश्न वाचत होते. सासवडला उतरल्यावर त्यांचा चेहरा बघून कळलं. मला फार वाईट वाटलं. त्यांनी एक शब्द काढला नाही. दुपारी डॉक्टरांना फोन केला. प्रवासाच्या दिवशी ती गोळी मुक्कामाला पोचल्यावर घेतली तरी चालेल म्हणाले. हा फोन मी चौदा तारखेलाच करायला हवा होता. म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघणार असाल तर कुठली गोळी कधी हे नुसतं लिहून घेऊ नका, ती गोळी काय करते ते विचारा.

दुसरं, माइक. कॉलरला लावला आणि वरून सरांनी शाल घेतली. जेजुरीपर्यंतचं सगळं बोलणं शालीच्या खसखशीखाली गेलं. लोणंदला चहाच्या टपरीवर ऐकून बघितलं तेव्हा कळलं. मग माइक काढला, रेकॉर्डरच टॉवेलाच्या घडीत बसवून डॅशबोर्डवर ठेवला. टॉवेलानं गाडीची थरथर बऱ्यापैकी खाल्ली. काचा बंद, गाडीचा पंखा एकवर, वेग साठच्या खाली. याहून चांगलं चालत्या गाडीत होत नाही.

तिसरी चूक माझ्या तोंडाची. सर सांगत होते की गावात पहिलं ऑइल इंजिन बावन्न साली आलं. मी म्हटलं, "सर, पुस्तकाच्या प्रस्तावनेत तुम्ही अठ्ठावन्न लिहिलंय." ते "असेल" म्हणाले आणि फलटण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटत होतं मी काटेकोर काम करते आहे. तेव्हापासून वहीचं उजवं पान तफावतींसाठी ठेवलंय. त्यात लिहायचं, बोलायचं नाही.

चौथी चूक सगळ्यांत महाग. फलटण सोडलं, मोगराळे घाट चढायला लागलो आणि सर आपणहून बोलायला लागले. मी काही विचारलं नव्हतं. आवाजच बदलला. पुण्यात 'नाही' म्हणणारा माणूस घाटाच्या तिसऱ्या वळणाला 'न्हाई' म्हणायला लागला. पुसेगावच्या यात्रेतून वडिलांबरोबर खिलार खोंडांची जोडी पायी आणली, ती गोष्ट. तीन मुक्काम. एक खोंड कोसा, एक हरण्या. हरण्या रात्री दावं तोडून पळाला, तेव्हा दहा वर्षांच्या पोराला बापानं सांगितलं, "तू हाक मार, तुझा आवाज त्येला ठावं हाय." बैलाचं दावं, वेसण, म्होरकी, कासरा, सगळे शब्द त्या गोष्टीत आपोआप येत होते. चाळीस मिनिटं.

दहिवडीत बघितलं तर रेकॉर्डरचा लाल दिवा लुकलुकत होता. एकदा बटण दाबलं की हे यंत्र नुसतं तयार होतं, दुसऱ्यांदा दाबलं की मुद्रण सुरू होतं. दिवा स्थिर असला पाहिजे आणि आकडे पळत असले पाहिजेत. लोणंदला टॉवेलात बसवताना मी एकदाच दाबलं होतं.

मी सांगितलं आणि पुन्हा सांगाल का म्हणून विचारलं. त्यांनी सांगितली. तीन मिनिटांत, शुद्ध मराठीत. हरण्या पळाला, मिळाला. तेव्हा एक शिकले: हातची गेलेली गोष्ट त्याच दिवशी परत मागायची नाही. रात्री आठवेल तेवढं मी वहीत उतरवलं, अकरा पानं. शब्द माझे झाले आहेत, हे वाचताना कळतं.

दुपारचं जेवण गोंदवल्याला, महाराजांच्या समाधी मंदिरात. प्रसाद वेळेवर मिळाला, टेकून बसायला जागा होती. या रस्त्यानं वयस्कर माणसाला नेणाऱ्यांनी दुपार इथे येईल असं बघावं.

म्हसवडला मुक्काम. खोल्या ९०० रुपयांच्या दोन. पहिल्या मजल्यावर दिल्या, लिफ्ट नाही. फोनवर खोली ठरवताना मजला विचारलाच नव्हता. सर कठड्याला धरून बावीस पायऱ्या चढले. मी मागे एक पायरी सोडून, हात पुढे धरून.

१८ जानेवारी, रात्री

वेगळी नोंद करते आहे कारण कामाशी थेट संबंध नाही, पण पुढचं काम यानं सोपं झालं.

जेवणानंतर सर म्हणाले, तुझं काही वाच. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी दिवाळी अंकात आलेली गोष्ट फोनवर होती. ती वाचली. वीस मिनिटं ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "एका ठिकाणी तुझ्या म्हाताऱ्यानं मोटेनं पाणी शेंदलंय."

मी हो म्हटलं.

"पोहऱ्यानं शेंदतात. मोट हाकतात. शेंदायला हात लागतात, हाकायला बैल. तुझ्या म्हाताऱ्याचे बैल कुठायत?"

गोष्टीत बैल नव्हते. मला कुणी विचारलंही नव्हतं. त्यांनी ती अंक आला तेव्हाच वाचली होती, चूक तेव्हाच दिसली होती. मग तेव्हा का नाही सांगितलंत? "तेव्हा ओळख नव्हती. ओळख नसताना चूक काढली तर माणूस लिहायचं थांबतंय."

१४६ शब्दांच्या यादीत मी 'मोट' ठेवला होता, 'हाकणे' ठेवला नव्हता, कारण तो मला येतो असं वाटलं होतं. रात्री यादी पुन्हा काढली आणि फक्त क्रियापदांसाठी गोष्टी परत चाळल्या. आणखी १९ शब्द निघाले. मोट हाकतात, पात धरतात, पाभर चालवतात, रास उपणतात, बकरी बसवतात. नाव कोशात सापडतं. त्याच्याबरोबर कुठलं क्रियापद चालतं ते माणसाकडूनच घ्यावं लागतं. सूची करणाऱ्यांनी ही यादी पहिल्यापासून करावी, माझ्यासारखी मध्येच करायची वेळ येऊ नये.

१९ जानेवारी, म्हसवड ते गाव

सकाळी सिद्धनाथाचं दर्शन, मग राजेवाडीच्या तलावावरून. इंग्रजांच्या काळातल्या दुष्काळी कामातून झालेला तलाव. सरांनी गाडी थांबवायला लावली. पाण्याकडे बघत आपणहून म्हणाले, "ते बावन्न न्हवं गं. बावन्नला थोरल्या चुलत्यानं इंजिनाची गोष्ट पयल्यांदा काढली. घरात भांडण झालं. इंजिन आलं अठ्ठावन्नला." म्हणजे त्यांच्या मनात इंजिन भांडणाच्या साली आलेलं होतं. मी काल दुरुस्त केलं नसतं तर हे भांडण कालच मिळालं असतं. उजव्या पानावरची तफावत खोडली नाही, तिच्यापुढे हे लिहिलं.

गाव आटपाडी तालुक्यात. नाव पुस्तकात येईलच, इथे लिहीत नाही. वेशीत चौघं-पाचजण जमले. मी 'सर' म्हणून हाक मारली तर त्यांनी मागे वळूनच बघितलं नाही. नंतर म्हणाले, "हितं सर म्हणू नको. हितं कोण सर न्हाई. नाना म्हण." तेव्हापासून नाना. नोंदीतही आता तेच लिहीन.

पहिली विहीर सापडली नाही. जिथे होती तिथे शेततळं आहे, काळा कागद अंथरलेलं, बाजूला डाळिंबाची बाग. टेंभूचं पाणी आल्यापासून हा सगळा भाग बदललाय. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळ टेंभूला उचलतात आणि टप्प्याटप्प्यानं इकडे चढवत आणतात. नानांच्या गोष्टींतला कोरडा माळ आता हिरवा आहे. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते बागेतल्या माणसाशी पाऊण तास पाण्याच्या पाळीवर बोलत बसले, खुशीत. म्हणाले, "माझ्या गोष्टी खोट्या पडल्या तर बरंच हाय." मी ते वाक्य वहीत घेतलं. त्याच्यामागे काही लपवलेलं नव्हतं.

दुसरी विहीर होती, पण काठाचे घडीव दगड कुणीतरी घराच्या जोत्याला नेले होते. खाली नुसता खड्डा आणि चिलारीची जाळी. ऊन चढलं. मी म्हटलं आज पुरे, आणि ते ऐकून नाना बरं म्हणाले. दुपारी तीन तास त्यांना झोपू दिलं.

तिसरी ओढ्यापलीकडे, चुलत घराण्याच्या वाट्यातली. गाडी जात नाही. पाचशे पावलं, मध्ये दोनदा खुर्ची मांडून बसलो. वेडी बाभूळ इतकी माजली होती की एका पोरानं कोयत्यानं अर्धा तास तोडली तेव्हा आत जाता आलं. त्याला ३०० रुपये दिले. घेत नव्हता, नानांनी दम दिल्यावर घेतले.

मोटवण शाबूत होतं. पाण्यावर पुढे आलेले दोन लांब दगड, दोन्हींना खांब रोवायची चौकोनी भोकं. या खांबांवर कणा, कण्यावर चाक. मागे, माझ्या पायाशी, दगडानं बांधलेलं एक उथळ टाकं. चार फूट बाय तीन असेल, खोली दीड वीत. तळाचे दगड बाहेरच्या दगडांसारखे खरखरीत नव्हते. हात फिरवला तर पाटा-वरवंट्याच्या पाट्यासारखे लागले. सांध्यांत जुना चुना. एका अंगाला खाच, तिच्यापासून पाट निघालेला, त्यात आता गवत.

नानांनी चपला काढल्या. काठावर बसले आणि दोन्ही पाय त्या कोरड्या टाक्यात ठेवले. "हे थारोळं."

मग हात सुटले. मोट वर आली की तिची सोंड, म्हणजे खालची चामडी नळी, थारोळ्यावर येते आणि सगळं पाणी एकदम धाडकन येतं. ते मातीत पडलं तर दोन दिवसांत ओहळ पडेल, काठ खचेल. म्हणून दगडाचं थारोळं. पाणी इथे आदळतं, जरा फिरतं, जोर मोडतो आणि मग शहाण्यासारखं पाटाला लागतं. "पाण्याला थारा देतं ते थारोळं." ही उकल त्यांची आहे. सूचीत 'लेखकाच्या मते' असं लिहूनच टाकली. पण जोर मोडणं ही गोष्ट मी पाहिलेल्या कुठल्याच अर्थात नव्हती आणि शब्दाचं सगळं काम तीच आहे.

रेकॉर्डर चालू होता, दिवा स्थिर, आकडे पळत होते, मी तीनदा बघितलं. आणि मग लक्षात आलं की यात हात येत नाहीयेत. नाना उठून धावेवर गेले होते. धाव म्हणजे बैलांची उताराची वाट, विहिरीपासून खाली जाणारी. बैल उतरताना मोटकरी नाड्यावर, म्हणजे मोटेच्या जाड दोरावर, बसतो, आपलं वजन देतो. मोट रिकामी झाली की बैल मागे पावलं टाकत वर येतात. नाना नाड्यावर बसल्यासारखे अर्धे मागे रेलले, एक हात हवेत नाड्याला, दुसरा सोंदुराला, म्हणजे सोंडेच्या बारीक दोराला. हे शब्दांत येत नाही. फोन काढला तर चार टक्के. तीन मिनिटांचं चित्रण झालं आणि फोन बंद पडला. सबंध दौऱ्यातलं सगळ्यांत कामाचं मुद्रण तेच आहे. ज्या शब्दाला हत्यार, दोर किंवा जनावर लागतं त्याचं चित्रण करा. माझ्या १६५पैकी ७० तरी तसे होते आणि मी फक्त कानाची तयारी करून गेले होते.

उतरती उन्हं झाली तेव्हा नाना परत थारोळ्यात पाय ठेवून बसले. मी खाली गवतात. रेकॉर्डरकडे बोट दाखवून म्हणाले, "ते बंद कर." केला. मग त्यांनी बहात्तरच्या दुष्काळातलं सांगितलं. ते तेव्हा एकतीस वर्षांचे, पगारदार मास्तर, आणि त्यांची आई याच शिवारात दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. पुढचं मी इथे लिहीत नाही. त्यांनी ते कुठेच लिहिलेलं नाही. ऐकून झाल्यावर मी पाण्याची बाटली दिली, त्यांनी एक घोट घेतला आणि उरलेलं थारोळ्यात ओतलं. पाणी खाचेकडे गेलं, पाटात उतरलं आणि गवतात दिसेनासं झालं.

२० जानेवारी, गावातच

मेंढपाळीचे अकरा शब्द राहिले होते. ते आज सगळे हुकले. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची दोरीची जाळी, एवढं ठाऊक होतं, पण बघायला मेंढरांचा वाडाच नव्हता. दिवाळीनंतर बहुतेक कळप कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला इकडे परततात. कारण मेंढराला फार पाऊस सोसत नाही. हे नानांच्याच एका गोष्टीत आहे आणि मी ती तीनदा वाचली आहे. तारीख ठरवताना मी डॉक्टर, प्रकाशक आणि माझी सुट्टी बघितली. शब्दांचा हंगाम बघितला नाही.

एक म्हातारी मात्र भेटली, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावणारी. तिनं 'खळ' या एका शब्दावर तासभर काढला. चिंचोके भाजायचे, वरचं साल काढायचं, भरडायचे, शिजवायचे, मग ताणलेल्या सुताला ती चोळायची. नानांच्या गोष्टीतली खळ आणि तिची खळ यांत एक फरक निघाला. नानांनी घोंगडी विणून झाल्यावर खळ लावली होती, ती म्हणाली आधी. नाना तिच्याशी वाद घालत होते. मग थांबले आणि मला म्हणाले, "तिचं लिही. मी बघितलं होतं, तिनं केलंय." नव्या आवृत्तीत मूळ वाक्य तसंच ठेवून सूचीत ही दुरुस्ती घालायची ठरली.

संध्याकाळी शेतात हुरडा. आगटीभोवती नाना सोडून सगळे जमिनीवर. त्यांना पण बसायचं होतं, मीच खुर्चीत बसवलं. परत उठताना त्रास झाला असता. त्यांनी ऐकलं, पण मन लागलं नाही. दहा मिनिटांनी दोघा जणांनी धरून त्यांना खाली बसवलं, पाठीला कडब्याची पेंढी दिली. मग बोलायला लागले.

२१ जानेवारी, परत

दिवसाला पावणेदोनशेचा नियम मोडून एका दिवसात आलो, नानांचा हट्ट. नऊ तास लागले. दोन दिवस त्यांचे पाय सुजले होते, सूनबाईंचा फोन आला. हे करायला नको होतं. एक मुक्काम वाचवला, त्याचं त्यांना सोसावं लागलं.

दौऱ्याचा खर्च: पेट्रोल साधारण ३,०००, म्हसवडच्या खोल्या १,८००, जेवण-चहा १,४००, पंक्चर १५०, मजुरी ३००. गावात राहणं-जेवण चुलत घरी, तिथे पैसे देऊ केले तर अपमान झाला असता, म्हणून साडी आणि मिठाई, १,६००. यंत्रसामान १२,५००, वर लिहिलंच आहे. प्रकाशकाकडून सूचीसाठी मिळणार होते ८,०००. सगळं मी भरलं. पुढच्यांनी आधी बोलून घ्यावं.

६ फेब्रुवारी

ध्वनिमुद्रण एकूण ११ तास ४० मिनिटं. एका तासाचं उतरवायला मला सात-आठ तास लागतात. बोलून टाइप करणारं ॲप वापरून बघितलं. पुण्यातल्या बोलण्याला चालतं. घाटानंतरच्या बोलण्यात ते 'न्हाई'चं 'नाही' करतं, 'हितं'चं 'हिटं' करतं आणि 'सोंदूर'चं 'शेंदूर'. दोन दिवस दुरुस्त्या करून शेवटी कान आणि हातावरच आले.

फाइली तीन ठिकाणी ठेवल्या: माझ्याकडे, नानांच्या घरी पेनड्राइव्हवर, आणि तिसरी प्रत माझ्या भावाकडे नाशिकला. नावात तारीख, ठिकाण आणि मुख्य शब्द घातला. '०१९' अशा नावाची फाइल महिन्याभरानं कुणालाच सापडत नाही.

१९ फेब्रुवारी

सूचीचा पहिला खर्डा नानांना वाचून दाखवला. १६५पैकी १३८ शब्द पक्के. ते पलंगावर, मी शेजारी. थारोळ्याची नोंद तीन रूपांत लिहून नेली होती. घरच्या बैठकीतली: 'मोटेचे पाणी पडण्याची जागा.' कोश बघून केलेली, जरा लांब. आणि तिसरी:

'थारोळं: मोटवणाच्या मागचं दगडी, उथळ टाकं. मोटेचं पाणी एकदम पडतं तेव्हा त्याचा जोर इथे मोडतो आणि मग ते पाटाला लागतं. (मोट रिकामी झाल्यावर पोरं यात पाय बुडवून बसत.)'

कंसातलं वाक्य काढू का, म्हणून विचारलं, कारण सूचीत असं लिहीत नाहीत. नाना म्हणाले, राहू दे. मग यादीतला पुढचा शब्द विचारला.

२ मार्च

राहिलेल्या २७ शब्दांपैकी सोळा खळ्यावरचे आहेत. तिवडा, पात, वावडी, मदन. आटपाडीकडे शाळूची काढणी चालू आहे. मळणी बहुतेक यंत्रावरच होते, पण नानांच्या चुलत पुतण्यानं एक छोटं खळं आमच्यासाठी बैलांनी मळायचं कबूल केलंय. बैल शेजारच्या वाडीतले. मेंढपाळीचे अकरा पावसाळ्यात.

उद्या पहाटे साडेपाचला निघतो. गोळी पोचल्यावर. खोली तळमजल्याची, फोन करून पक्की केली. येतानाही वाटेत मुक्काम, सूनबाईंना तसं कबूल केलंय. दोन फोन, दोन्ही पूर्ण चार्ज. मघाशी नानांचा फोन आला होता. घाटात हरण्याची गोष्ट सांगतो म्हणाले, पुन्हा, सगळी.